जड पाणी कोणाच्या वाट्याला?

ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही, त्याला मराठी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'दुष्फेन' म्हणतात. मी ज्या उर्दू माध्यमाच्या मुलींना शिकवते, त्यांच्यासाठी तेच पाणी 'भारी पानी' असते. घरात आमच्या बायका त्याला सरळ 'खारा पानी' म्हणतात आणि शेजारची मराठी ताई 'जड पाणी' किंवा नुसते 'बोअरचे पाणी' म्हणते. पुस्तकातला शब्द साबणाकडे पाहून बनला आहे, बायकांचे शब्द जिभेवरून आणि हातावरून बनले आहेत. मला या पाण्याकडे आणखी एका बाजूने पाहायचे आहे. पाणी जड असणे हा कोणाचा दोष नाही. ते खडकाचे काम आहे. पण ते जड पाणी गल्लीतल्या नेमक्या कोणत्या घराच्या वाट्याला यावे, हे खडक ठरवत नाही. मग ते कोण ठरवते? आणि जो ठरवतो त्याच्यावर त्याची काही जबाबदारी येते की नाही? नळाच्या तोटीपाशी उभा राहणारा हा प्रश्न मला अखलाकचा, म्हणजे नीतीचा वाटतो.

आधी पाण्याविषयी चार गोष्टी सांगते. आपले शहर, औरंगाबाद, 2023 पासून सरकारी दफ्तरी छत्रपती संभाजीनगर, काळ्या पाषाणावर वसले आहे. भूगोलात त्याला बेसॉल्ट म्हणतात. पावसाचे पाणी मातीतून मुरताना हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, किंचित आम्ल होते आणि खडकाच्या फटींतून झिरपत जाताना त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून सोबत घेते. पाणी खडकात जितके जास्त काळ राहील तितके जड होते. म्हणून उथळ विहिरीपेक्षा खोल बोअरचे पाणी बहुधा जास्त जड निघते. दुसरीकडे नळाने येणारे पाणी पैठणजवळच्या जायकवाडी धरणाचे, म्हणजे गोदावरीचे. ते शंभर मीटरहून अधिक वर उचलून शहरात आणावे लागते. बोअरच्या मानाने ते पुष्कळ हलके, गोड.

औरंगपुऱ्यासारख्या जुन्या वस्तीतल्या घरात ही दोन्ही पाणी एकाच तोटीतून येतात. महापालिकेचे पाणी वर्षानुवर्षे कधी चौथ्या दिवशी, कधी उन्हाळ्यात आठव्या दिवशी येत राहिले. 12 डिसेंबर 2020 रोजी 1,680 कोटी रुपयांच्या नव्या पाणीयोजनेचे भूमिपूजन झाले, पुढे तिचा खर्च 2,740 कोटींवर गेला. तोपर्यंत घरोघरी जे झाले ते असे की हौदात नळाचे पाणी असले तर ते, संपले की बोअरचे, बोअर आटला की टँकरचे. गच्चीवरच्या टाकीत सगळे एक होते. तोटी सोडणाऱ्याला आज कोणते पाणी आले ते चहाच्या कपावरून कळते. जड पाण्याच्या चहावर थोड्या वेळाने तपकिरी साय धरते, कप हलवला की ती भेगाळते.

घरातले परिणाम बायकांना वेगळे सांगायला नकोत. पातेल्याच्या बुडाशी पांढरा थर बसतो. हीटरच्या कॉइलवर तोच थर जाड होतो, उष्णता अडवतो, वीज जास्त लागते आणि शेवटी कॉइल जळते. तूरडाळ तासभर उकळली तरी दाणा मऊ होत नाही, कारण पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या आणि पेशींमधल्या पेक्टिनला धरून ते घट्ट करते. मग चिमूटभर सोडा टाकावा लागतो. जुम्याचा पांढरा कुर्ता चार धुण्यांत करडा होतो. केस चिकट होतात. फरशीवर पाणी सुकले की पांढरे ठिपके उमटतात. पुष्कळ घरांत यावर तुरटी फिरवतात. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जडपणा मात्र तसाच राहतो. पाणी उकळले तर जडपणाचा एक भाग, ज्याला अस्थायी काठिन्य म्हणतात तो, भांड्याच्या बुडाशी जाऊन बसतो. उरलेल्यासाठी धुण्याचा सोडा उपयोगी पडतो. भांड्यावरचा थर लिंबाने, चिंचेने किंवा व्हिनेगरने निघतो.

यात एक हिशेब मी मुलींना फळ्यावर करून दाखवते. लिटरमागे 400 मिलिग्रॅम काठिन्याचे पाणी घ्या. बोअरच्या पाण्याला हा आकडा काही अचाट नाही. भारतीय मानक संस्थेने पिण्याच्या पाण्यासाठी 200 ही स्वीकार्य मर्यादा ठरवली आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर 600 पर्यंत चालवून घ्यावे असे म्हटले आहे. साबण असल्या पाण्यात गेला की कॅल्शियम त्याला आधी पकडते, न विरघळणारा चिकट साका होतो, आणि सगळे कॅल्शियम असे संपल्यावरच फेस यायला लागतो. 20 लिटरच्या एका बादलीत साबण विरघळवून फेस आणायचा म्हटले तर फेसाचा पहिला बुडबुडा दिसण्याआधीच जवळजवळ 50 ग्रॅम साबण फुकट जातो. ज्या घरात मशीन आहे आणि महागडी पावडर आहे तिथे हा तोटा कमी होतो, कारण डिटर्जंट जड पाण्यातही बऱ्यापैकी चालते. ज्या घरात साबणाची वडी आणि धोका आहे, तिथे हा तोटा पूर्ण होतो. म्हणजे ज्याच्याकडे कमी पैसे त्याला धुणे महाग. जड पाणी हा एक न दिसणारा कर आहे, आणि तो गरीब घराकडून जास्त दराने वसूल होतो. पैशांखेरीज तो हातांनीही भरावा लागतो. जास्त चोळणे, जास्त खंगाळणे, भेगा पडलेली बोटे. हे हात कोणाचे असतात, ते प्रत्येकाने आपल्या घरात पाहावे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण भीतीपोटी माणूस नको ते करतो. जड पाणी विष नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्याच्या काठिन्यावर आरोग्यासाठी म्हणून कोणतीही मर्यादा घातलेली नाही. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम शरीराला लागतातच. मुतखड्याचे सगळे खापर पाण्याच्या जडपणावर फोडण्याची आपल्याकडे सवय आहे, पण त्याचे मोठे कारण पाणी कमी पिणे हे आहे. आणि आपल्या वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. हज-उमऱ्याहून येणारा पाहुणा डब्यातून जे झमझम आणतो, ज्याचा एक घोट आपण किब्ल्याकडे तोंड करून, बिस्मिल्ला म्हणून पितो, ते पाणी रसायनशास्त्राच्या भाषेत दुष्फेन आहे. त्याच्या प्रसिद्ध झालेल्या पृथक्करणांत लिटरमागे 90 ते 100 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि 40 च्या आसपास मॅग्नेशियम आढळते. हिशेब केला तर काठिन्य 400 च्या घरात जाते, म्हणजे फळ्यावरच्या त्या बोअरइतके. त्या पाण्यात साबणाला फेस येणार नाही. म्हणून ते पाणी कमी ठरत नाही.

मग भीती येते कुठून? दारोदार फिरणारे विक्रेते एक प्रयोग दाखवतात. एका ग्लासात घरच्या नळाचे पाणी, दुसऱ्यात यंत्रातून गाळलेले. दोन्हींत लोखंडी सळ्या बुडवून वीज सोडतात. घरच्या पाण्यात तपकिरी गाळ उसळतो, दुसरा ग्लास स्वच्छ राहतो. घरातली बाई घाबरते, हप्ता बांधला जातो. खरी गोष्ट अशी की क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, सळईचे लोखंड झिजते आणि त्याचाच गंज पाण्यात दिसतो. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहत नाही, म्हणून तिथे काही दिसत नाही. तो गाळ पाण्यातला नसतो, सळईतला असतो. मी हा प्रयोग वर्गात करून दाखवते तेव्हा मुली हसतात, पण त्यांतल्या बऱ्याच जणींच्या घरी ते यंत्र आधीच बसलेले असते.

या यंत्राला आपण आरओ म्हणतो. ते एक लिटर गोड पाणी देताना दोन-तीन लिटर, कधी त्याहून जास्त, मोरीत सोडते. राष्ट्रीय हरित लवादाने मे 2019 मध्ये केंद्र सरकारला सांगितले होते की जिथे पाण्यातले एकूण क्षार लिटरमागे 500 मिलिग्रॅमपेक्षा कमी आहेत तिथे हे यंत्र वापरण्यास मनाई करावी, आणि जिथे ते खरोखर लागेल तिथे निदान 60 टक्के पाणी वापरण्याजोगे मिळाले पाहिजे. ज्या शहरात आठ दिवसांनी पाणी येते, तिथे घरोघरच्या मोऱ्यांतून रोज किती हंडे वाहून जात असतील याचा विचार करावा. खरा धोका वेगळाच आहे. जुन्या वस्तीतल्या बोअरमध्ये गटाराचे पाणी झिरपू शकते, नायट्रेट असू शकते, जंतू असू शकतात. चव गोड असली तरी असू शकतात. जड असणे आणि घाण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी ओळखण्यासाठी जिभेचा उपयोग नाही. त्यासाठी सरकारी प्रयोगशाळेत बाटली द्यावी लागते. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळा हे काम करतात.

इथे आपल्या दीनने केलेला एक फरक मला फार उपयोगाचा वाटतो. आपण 'पाक' आणि 'साफ' हे दोन शब्द वेगळे वापरतो. जमिनीच्या गुणाने पाण्याची चव वा रंग बदलला तरी ते पाणी पाकच राहते, त्याने वजू होतो. समुद्रावर जाणाऱ्यांनी खाऱ्या पाण्याने वजू करावा का असे विचारले तेव्हा प्रेषित मुहंमद (स.) यांनी समुद्राचे पाणी पाक करणारे आहे असे सांगितले. म्हणजे खारेपणाने पाण्याची तहारत जात नाही. ती जाते नजासतीने. आणि फुकहांनी आणखी एक प्रश्न विचारला आहे जो आपण वजूखान्यात क्वचित विचारतो. पाणी पाक आहे, साफही आहे, पण ते दुसऱ्याचे हिसकावलेले असेल तर? हनफी फिक्हनुसार अशा पाण्याने वजू होतो, पण गुनाह डोक्यावर राहतो. हंबली मजहबच्या प्रसिद्ध मतानुसार तसा वजू होतच नाही. मी आलिमा नाही, फतवा देणे माझे काम नाही. पण एक गोष्ट मदरशाच्या बाहेरच्या माणसालाही कळते. पाण्याला तिसराही एक गुण असतो, तो म्हणजे हक्काचे असणे. तो टीडीएस मीटरवर दिसत नाही.

हा तिसरा गुण मला वर्गातच नीट दिसला. नववीला पाण्याचे काठिन्य शिकवताना मी मुलींना घरच्या तोटीचे पाणी बाटलीत भरून आणायला सांगते. सारख्या मापाचे पाणी, त्यात ड्रॉपरने साबणाचे द्रावण, हलवायचे, आणि फेस टिकेपर्यंत थेंब मोजायचे. एका वर्षी दोन मुलींच्या बाटल्या शेजारी शेजारी आल्या. दोघी एकाच गल्लीतल्या. एकीच्या पाण्यात मोजक्या थेंबांत फेस आला. दुसरीचे थेंब मोजून मुली कंटाळल्या, पाणी दुधाळ झाले, पण फेस धरेना. ती दुसरी मुलगी म्हणाली, "मिस, गली एक, नल एक, फिर हमारा पानी अलग कैसे?"

उत्तर साऱ्या वर्गाला माहीत होते. पहिलीचे घर गल्लीच्या तोंडाशी होते, दुसरीचे शेवटी. पाणी सुटण्याच्या दिवशी तोंडाशी असलेली घरे नळालाच मोटर जोडतात. ती मोटर जलवाहिनीतून पाणी ओढते, टाक्या भरते. मधली घरे पाहून पाहून मोटर घेतात. शेवटच्या घरापर्यंत फुसफुस हवा येते. मग त्यांनी बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरायचे. नळपट्टी मात्र दोघींच्या वडिलांकडून सारखीच घेतली जाते. म्हणजे जायकवाडीचे गोड पाणी आणि काळ्या पाषाणाचे जड पाणी, दोन्ही गल्लीसाठी होते. मोटरीने त्यांची विभागणी केली. गोड पाणी पुढे अडले आणि जड पाणी मागे ढकलले गेले.

मोटरीचा दुसरा परिणाम कमी लोकांना माहीत असतो. वाहिनीत पाण्याचा दाब असतो तोवर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर गळते. मोटर ओढू लागली की दाब कमी होतो, आणि शेजारून गटार जात असेल तर त्याच सांध्यातून घाण पाणी आत खेचले जाते. मग गल्लीत कावीळ येते आणि ती तोंडाच्या घरालाही सोडत नाही. नळाला थेट मोटर लावणे नियमबाह्य आहे, त्याचे हेही एक कारण आहे.

अमेरिकेतल्या राज्यशास्त्राच्या अभ्यासक ज्युडिथ श्क्लार यांनी 1990 साली एका पुस्तकात प्रश्न मांडला होता, की एखादे दुःख आपत्ती आहे की अन्याय आहे हे ठरवायचे कसे? ज्याला ते सोसावे लागत नाही तो बहुधा त्याला आपत्ती म्हणून मोकळा होतो. आपल्या भाषेत मुसीबत आणि जुल्म हे दोन शब्द आहेत. मुसीबतीवर सब्र सांगितला आहे. जुल्मावर सब्र सांगणे हे जालिमाच्या सोयीचे असते. गल्लीच्या शेवटच्या घरातल्या बाईला आपण म्हणतो, "काय करणार, आपल्याकडे पाणीच खारे." खडकापुरते ते खरे आहे. तिच्या तोटीपुरते ते अर्धेच खरे आहे. तिच्या डाळीतला सोडा, तिचा वाया गेलेला साबण, तिच्या बोटांवरच्या भेगा यांचा काही भाग खडकाचा आहे आणि काही भाग शेजाऱ्यांच्या मोटरीचा. दोन्हींना एकच नाव दिले की दुसरा भाग दिसेनासा होतो.

गोड आणि खाऱ्या पाण्याचा हाच पेच मदिनेत होता. मक्केहून आलेल्या मुहाजिरांना तिथे गोड पाण्याची अडचण पडली. गोड पाणी होते ते बिर-ए-रूमाचे, आणि तिचा मालक पाणी विकत असे. प्रेषितांनी (स.) विचारले, ही विहीर कोण विकत घेईल? हजरत उस्मान (रजि.) यांनी आपल्या पैशाने ती घेतली आणि सगळ्यांसाठी खुली केली. हा किस्सा आपण दानशूरतेचे उदाहरण म्हणून सांगतो. पण त्यात एक अट होती, जी सांगताना गळून जाते. विहीर घेणाऱ्याने आपली बादली इतर मुसलमानांच्या बादल्यांच्या बरोबरीची ठेवायची, असे प्रेषितांचे (स.) म्हणणे होते. ज्याने सगळे पैसे भरले त्याची बादलीही पहिली नाही, मोठी नाही, इतरांसारखीच. मग ज्याने फक्त मोटर विकत घेतली त्याची बादली कशी असावी?

फिक्हमध्ये पाण्याच्या हक्कांचा क्रमही सांगितला आहे. सर्वांत आधी 'शफह'चा, म्हणजे ओठांचा हक्क. माणसाची तहान, मग जनावराची, मग शेताची. वरच्या शेताने आपली गरज भागवून पाणी खालच्याकडे सोडायचे, हा निवाडाही हदीसमध्ये आहे. आपली गल्ली म्हणजे एक छोटा पाटच आहे. कोणाचे घर वर, कोणाचे खाली, एवढाच फरक.

हा विचार केवळ आपल्या किताबांत आहे असे नाही. तो या मातीतही आहे. औरंगपुऱ्यातल्या महात्मा फुले चौकातून आपण रोज जातो. त्याच जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यातला आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळभर पाणी प्यायले तेव्हा प्रश्न तहानेचा होताच, पण त्याहून जास्त ते पाणी कोणाचे याचा होता. आणि याच शहराची पायाभरणी करणाऱ्या मलिक अंबरने 1617-18 च्या सुमारास उत्तरेकडच्या डोंगरपायथ्यापासून जमिनीखालून नहर आणली. हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा वजीर झाला आणि 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. नहर-ए-अंबरीचे पाणी याच काळ्या पाषाणातून झिरपून येई आणि केवळ उताराने वाहत मोहल्ल्यांच्या, मशिदींच्या हौदांत पडे. नहरीला मोटर नव्हती. हौदाच्या काठावर जो येईल तो आपली घागर भरून नेई. पाणी हलके असो वा जड, हौद सगळ्यांसाठी एकच होता. आपल्या काळात हौद उंबरठ्याच्या आत आला, गच्चीवर गेला, आणि तेव्हापासून शेजाऱ्याच्या घागरीत काय पडते हे दिसेनासे झाले.

यावर जे आक्षेप घेतले जातात ते खोटे नाहीत, म्हणून त्यांचा विचार केला पाहिजे. पहिला आक्षेप असा की सगळेच मोटर लावतात. मी एकट्याने काढली तर शेवटच्या घराला पाणी मिळणार नाहीच, माझेही जाईल. घरात तान्हे मूल आहे, म्हातारी सासू आहे, त्यांना मी माझ्या नेकीपायी कोरडे ठेवू का? मला हे म्हणणे रास्त वाटते. एकट्या माणसाने सब्र करावा आणि बाकीच्यांनी टाक्या भराव्यात, याला नीती म्हणता येणार नाही. पण त्यातून निघते ते एवढेच, की ही जबाबदारी एकट्याने उचलण्याजोगी नाही. ती संपत नाही. ती आपल्याला दार उघडून शेजाऱ्याशी बोलायला लावते. जे एकट्याला परवडत नाही ते सगळ्यांनी एकाच दिवशी केले तर परवडते. मोटरी एकाच वेळी बंद झाल्या तर कोणाचेच पाणी जात नाही, कारण त्या साऱ्या मोटरी मिळून पाण्याचा एक थेंबही वाढवत नाहीत.

दुसरा आक्षेप असा की हे काम महापालिकेचे, सरकारचे आहे. रोज पुरेसे पाणी आले तर मोटरच लागणार नाही. हेही खरे, आणि त्यासाठी मागणी करत राहणे आपला हक्क आहे. पण पाणी कमी का आले हा एक प्रश्न आणि आलेले कमी पाणी कसे वाटले हा दुसरा. पहिल्याचे उत्तर सरकारने द्यायचे आहे. दुसऱ्याचे उत्तर गल्ली दर चौथ्या-आठव्या दिवशी देतच असते. शिवाय मागणी करणाऱ्यांत तोंडाशी असलेले घर फारसे दिसत नाही, कारण त्याची टाकी भरलेली असते. सगळ्यांची बादली सारखी झाली तर ओरडही सगळ्यांची होईल, आणि ती वरपर्यंत ऐकू जाईल.

मग करायचे काय? मोठ्या गोष्टी माझ्यासारख्या शिक्षिकेने सांगू नयेत. लहान गोष्टी सांगते. पाणी सुटल्यापासून पहिला तासभर गल्लीत कोणीच मोटर लावायची नाही, एवढा ठराव मोहल्ल्यातल्या चार वडीलधाऱ्यांनी घडवून आणावा. त्या तासात शेवटच्या घराने दोन हंडे पिण्याचे आणि एक डाळीचे भरून घ्यावे. ओठांचा हक्क आधी, गच्चीवरची टाकी नंतर, गाडी धुणे शेवटी. धुणे, फरशी, संडास यांना जड पाणी चालते. ज्यांच्याकडे दोन्ही पाणी आहेत त्यांनी गोड पाणी त्यात घालवू नये. आरओ खरोखर लागते का हे विक्रेत्याच्या सळईवरून ठरवू नये, पाणी तपासून ठरवावे. लागत असेल तर त्याचे सोडलेले पाणी बादलीत धरून फरशीला वापरावे. मशिदीच्या वजूखान्यात तोटी सोडून वजू केला की सहज पाच-सहा लिटर पाणी जाते. प्रेषित (स.) एक मुद्द, म्हणजे पाऊण लिटरच्या आसपास पाण्यात वजू करत. वाहत्या नदीकाठी बसूनही पाणी उधळू नये अशी त्यांची शिकवण होती. लोटा पुन्हा आणायला काहीच हरकत नाही.

यातले काहीही केले तरी बोअरचे पाणी गोड होणार नाही. पातेल्याला थर बसेल, लिंबू लागेल, चहावर साय धरेल. ते सोसता येते, आपल्या आयांनी सोसलेच आहे. पण जड पाणी सगळ्यांनी थोडे थोडे वाटून घेतले तर ते मुसीबत राहते. ते एकाच घराच्या दारात नेऊन ओतले की त्याचे नाव बदलते. पुढच्या वेळी नळ येईल तेव्हा आपली बादली भरून झाल्यावर प्रत्येकाने गल्लीच्या शेवटापर्यंत चालत जावे आणि त्या घरातल्या तोटीखाली काय पडते आहे ते पाहून यावे. चार पावलांचे काम आहे, आणि त्यासाठी कोणत्याही मीटरची गरज नाही.